आमच्या व्हॅनमागे पळालेली म्हैस

सोसायटीच्या गेटवरचं लिंबू-मिरची गळून पडलं, तर ते उचलून बिनधास्त कचऱ्यात टाकणारी मी एकटीच. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठते... भीतीने नाही, कंटाळ्याने! त्यामुळे हे मी लिहितेय म्हटल्यावर माझी नणंद पोट धरधरून हसणार आहे. हसू दे.

मी आणि माझा नवरा समीर, राहणार नाशिक. एक जुनी व्हॅन घेऊन आम्ही तिची कॅम्पर करून घेतली – आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन. चालवायची मी; खायचं आणि शूटिंग करायचं समीरने, अशी वाटणी. कोल्हापुरात तर आमचा नुसता धुडगूस चालला होता! सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग नाका-डोळ्यांतून पाणी काढणारी मिसळ, मग न्यू पॅलेस. जिथे थांबू तिथे माणसं व्हॅनमध्ये डोकावायची. "पावणं, ह्यात संडास बी हाय काय?" एक आजोबा तर चपला काढून आत आले आणि पलंगावर बसून बघून गेले.

दुपार कलल्यावर हुपरीकडे निघालो. तिथे चांदीचे पैंजण घ्यायचे आणि पुढे खिद्रापूरचं देऊळ बघायचं, असा बेत. गडमुडशिंगीतून जाताना मागे बसलेला समीर एकदम ओरडला, "अगं, म्हैस!"

आरशात बघते तर काय, तुटलेलं दावं गळ्यात घेऊन एक म्हैस आमच्या मागे पळतेय! मी वेग वाढवला, तिने वाढवला. मी कमी केला, तिनेही केला. समीर मागच्या खिडकीतून मोबाइल बाहेर काढून शूटिंग करत होता आणि आम्ही दोघंही चक्क किंचाळत होतो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

शेवटी गाडी बाजूला घेतली. म्हैस धापा टाकत मागेच उभी राहिली. तेवढ्यात पदर खोचलेली एक बाई पळत आली. "पावणं, गाडी बंद करू नगासा! पाया पडते तुमच्या!"

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेली मोटरसायकल फटफट करत पुढे, आणि तो आवाज ओळखून मालकाची म्हैस मागे. ही म्हैस, हरणी, त्या पळत आलेल्या वहिनींच्या सासऱ्यांची. पंधरवड्यापूर्वी सासरे गेले आणि तिने खाणं जवळजवळ टाकलं.

"माझ्या हाताला पान्हाच सोडंना," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी मामंजींची गाडी तिच्याम्होरं चालू करून बगितली. कान सुदिक हलवला न्हाय. आता उद्या व्यापारी बोलावलाय. रेडी असल्यापास्नं मी सांभाळलीया ओ हिला..." मग डोळे पुसून म्हणाल्या, "ताई, तेवढी घरापतूर म्हागारी चला की."

खिद्रापूर गेलं खड्ड्यात! व्हॅन वळवली; समीरचं शूटिंग चालूच. हरणी मान वर करून मागे, तिच्या मागे वहिनी, आणि दारादारांत उभं राहून हसणारं गाव. अंगणात पोचून मी इंजिन बंद केलं. हरणी थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली. मग आपणहून गोठ्यात गेली आणि पेंडीत तोंड घातलं. वहिनी घाईने बादली घेऊन बसल्या. पहिली धार बादलीत वाजली तेव्हा त्या रडत होत्या, आणि खरं सांगते, मीही रडत होते.

गोठ्याच्या कोपऱ्यात सासऱ्यांची मोटरसायकल उभी होती. मागच्या चाकात हवासुद्धा नव्हती. आम्ही मुक्कामाला त्यांच्याच अंगणात राहिलो. सकाळी व्यापारी आला, त्याला वहिनींनी फाटकातूनच परत पाठवला.

इथवर सगळं ठीक होतं. वाटलं, म्हशीला आमच्या व्हॅनचा आवाज आवडला असेल.

नाशिकला आल्यावर समीरचं शूटिंग टीव्हीवर लावलं... आणि समीरने आवाज वाढवला. व्हॅनच्या घुरघुरीवर स्वच्छ ऐकू येत होतं – फट्-फट्-फट्, मधेच अडकत. चित्रात रस्ता, म्हैस आणि मागे वहिनी. मोटरसायकल कुठेच नाही! आम्ही दोघंही तिथेच होतो की. आमच्या कानांवर काहीच कसं आलं नाही? समीर म्हणाला, माइकची गडबड असेल. तोच मोबाइल, तीच खिडकी, तोच वेग, सगळं परत करून बघितलं. नुसती घुरघुर.

व्हिडिओ वहिनींना पाठवला. लगेच फोन आला. "मामंजींचीच गाडी, ताई. चालता चालता मधीच अशी अडकायची. पर श्येवट बगितलासा का?"

आम्ही शेवट परत लावला. अंगण येतं, मी इंजिन बंद करते. फटफट मात्र बंद होत नाही. ती आमच्या जवळून पुढे जाते, रस्त्याला लागते, लांब जाते. आणि हरणीची मान हळूहळू त्या आवाजाबरोबर वळते. तो पूर्ण विरल्यावरच ती गोठ्यात जाते.

अंगावर काटा आला तो अजून आठवतो. उगाच जुळवून काही सांगणार नाही.

परवा वहिनींचा पुन्हा फोन होता. त्या सासऱ्यांची गाडी शिकतायत. "कालच चालू केली, तर हरणी उठून हुबारली की! पाडव्याला माझ्याच मागनं पळणार बगा. येतायसा न्हवं?"

जातोय. समीरने मोबाइल आत्तापासूनच चार्जिंगला लावलाय.