आभाळातून पडलेल्या पेटीचे राखणदार

जगातलं कुठलंही यंत्र बिघडत नाही, ते फक्त भितं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा आहे. वाटूर फाट्यावर दाजींचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत ते नवी तार भरून देत. मोटार आली की आधी तिला सावलीत ठेवत, पाठीवर हात टेकून बसत आणि मालकाला म्हणत, "दम धर. धसका घेतलाय तिनं." एक मोटार उघडी असताना दुकानात दुसरी चालू करायची नाही, हा त्यांचा कायदा. "दवाखान्यात पेशंटाच्या उशाशी बँड लावतेत का?" असं ते विचारत. गिऱ्हाइकं खोळंबत, शिव्या देत आणि पुन्हा त्यांच्याकडेच येत, कारण दाजींनी भरलेली मोटार सहसा जळत नसे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पण वीज म्हणजे काय हे मी त्या दुकानात तारेचे वेढे मोजता मोजता शिकलो, कॉलेज नंतर आलं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी हैदराबादेत एका संशोधन गटात होतो. काही आकाशगंगांच्या पोटात प्रचंड खळबळ चालू असते आणि तिथून क्ष-किरण निघतात. पण आपली हवा ते वरच्या वर गिळते. म्हणून आम्ही दुर्बीण एका पेटीत घालून अवाढव्य फुग्याला बांधत असू, हवा विरळ होते तिथवर चढवत असू आणि काम झालं की पेटी हवाई छत्रीनं खाली सोडत असू. एका उड्डाणात ऐन निरीक्षणाच्या वेळी पेटीचा रेडिओ मुका झाला. आम्हाला हव्या असलेल्या आकाशगंगेचे तीन तास फक्त पेटीतल्या चुंबकीय टेपवर उरले, आणि पेटी कुठं उतरली तेही कळेना. माझ्या पीएचडीची चार वर्षं त्या टेपवर होती. तिसऱ्या दिवशी तार आली: 'पेटी सुखरूप. मालकाने यावे. मोटारवाले, वाटूर फाटा.' पेटीवर चार भाषांत पत्ता लिहिलेला होता, तो दाजींनी वाचला होता.

तार वाचली आणि मला पहिली आठवली ती टेप. मोटार तपासताना तारेत वीज सोडली की भोवती जबर चुंबक तयार होतं, आणि चुंबकाजवळ टेप पुसली जाते. दाजी पेटी मोटारी तपासायच्या टेबलाशीच ठेवणार, हे मला न पाहताही दिसत होतं. वाटूरला निघालेल्या जीपमध्ये मी हे आमच्या साहेबांना सांगून टाकलं.

दुकानासमोर ही गर्दी. बैलगाड्यांत मोटारी पडलेल्या. एक म्हातारा दाजींवर खेकसत होता, "हरभरा वाळून राह्यला अन् तुमी डब्ब्याला वारा घालून राह्यले!"

"तुझा हरभरा थांबंल. ह्ये आभाळातून पडलंय. तू येकदा पडून बघ, मंग बोल."

पेटी मोटारी तपासायच्या टेबलाला बरोबर टेकून ठेवलेली होती. खाली गोणपाट, वर दाजींचं धोतर. साहेबांनी कपाळाला हात लावला. मी ओरडलोच, "दाजी, हिच्याजवळ किती मोटारी चालवल्या?"

"पाव्हणं, आवाज खाली," दाजी म्हणाले. "शिवारात लोकं पत्रा उपटून राह्यल्ते हिचा. जल्दी गाडीत घातली अन् आणली. तवापासून फ्यूज काढून ठेवलेत. बल्ब बी लावला न्हाई. इतक्या उंचावरून आली, किती भ्याली असंल!" आणि त्यांनी बंडीच्या खिशातून दोन्ही फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी ते घेऊन तिथंच गोणपाटावर बसलो.

तरी पेटी लगेच मिळाली नाहीच. दाजींनी साहेबांना विचारलं, "आप मालक है ना? तो बोलो, नट कितने है?" साहेबांना आकडा येईना. मी म्हणालो, चौतीस. "बराबर," दाजी म्हणाले, "बत्तीस वर हायेत, दोन नट लोकांनी काढल्ते. ते घरोघर फिरून वसूल केले," आणि ते दोन नट त्यांनी साहेबांच्या हातात दिले.

टेप बिलकुल शाबूत निघाली. मात्र तीन तासांच्या त्या नोंदीत आकाशगंगेकडून आलं असं ठामपणे म्हणावं असं काहीच नव्हतं. 'अमुक इतक्यापेक्षा जास्त क्ष-किरण तिथून येत नाहीत' एवढंच आम्हाला लिहिता आलं. तेही ज्ञानच, मला त्यावर पीएचडी मिळाली. पण दाजींना हे सांगणं जिवावर आलं. अख्ख्या फाट्याच्या शिव्या खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "आज न्हाई आलं. रोज थोडंच येतंय?" तेव्हापासून मी वाटूरला गेलो की चहाच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "आलं का काही तिकडून?" दूर दिलेल्या लेकीच्या पत्राची चौकशी करावी तसा.

या आकाशगंगा कधी निपचित पडतात, कधी खवळतात. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या, जास्त तीक्ष्ण दुर्बिणीत तीच आकाशगंगा लख्ख दिसली. मी वाटूरला फोन लावला. दाजींना तोवर ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. आक्कानं फोन घेतला आणि त्यांच्या कानाशी ओरडली, "आलं म्हणतेत, आलं!" मग बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत राहिली.

"काय म्हणले?" मी विचारलं.

"धुतलेला सदरा घातला अन् पायरीवर जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राह्यलेत, आलं म्हणून. लोक इचारतेत, काय आलं? तर म्हणतेत, आमच्या पाव्हण्याला ठावं."