तिथीची पाऊणपट

वैजूची आणि माझी शेवटची भेट झाली ती मी जिथे नोकरी करते त्याच हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर. हाताला सलाईन, तोंडावर मास्क, आणि दंडापासून मनगटापर्यंत निळेजांभळे डाग. मला दारात बघून तिने भुवया उडवल्या, शाळेत मागच्या बाकावरून उडवायची तशाच, आणि मास्क हनुवटीवर ओढून म्हणाली, "काय गं, डोंगरावरचे फोटो छान आलेत तुझे. तो लाल स्वेटर कधी घेतलास?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायचा असता तर तिने तो सरळ तोंडावर मारला असता, त्या बाबतीत तिने मला कधी सूट दिली नाही. तिला खरोखरच स्वेटर आवडला होता. आणि मी, बोलघेवडी म्हणून गावभर प्रसिद्ध असलेली बाई, खाटेच्या कडेला बसून त्या स्वेटरची किंमत सांगत राहिले... दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, वैजू गेली. तीस वर्षं पूर्ण होऊन तिला तेव्हा दहा दिवस झाले होते.

वैजू म्हणजे वैजयंती. किहीमला आमच्या दोघींच्या वाड्या शेजारी शेजारी, मधे फक्त एक निवडुंगाचं कुंपण आणि त्याला आम्ही पाडलेलं खिंडार. ती माझ्याहून सहा दिवसांनी लहान. लहानपणी आमचे वाढदिवस एकत्रच उरकले जात, कारण दोन्ही घरच्या आयांना सहा दिवसांत दोनदा नारळ खवायचा कंटाळा येई. मी बारावीनंतर मुंबईला शिकायला गेले, पुढे आमची वाडी विकून आईबाबाही डोंबिवलीला आले. वैजूने अलिबागला शिक्षण घेतलं, थळच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि तिथेच रमली. गावात माझं म्हणावं असं नंतर काही उरलं नाही. एक वैजू होती, आणि एक खडक होता.

त्या खडकाला आम्ही म्हातारीचा खडक म्हणायचो. किनाऱ्यापासून बराच आत, एरवी पाण्याखाली, पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीचं पाणी लांबवर मागे गेलं की उघडा पडणारा. वीस पूर्ण झाली त्या वर्षी वैजूने फर्मान काढलं, की दरवर्षी आपल्या वाढदिवसांच्या जवळचा एक दिवस धरायचा आणि पाणी खाली असताना खडकावर जाऊन खीर खायची. नारळाच्या दुधातली, गुळाची. दिवस आणि वेळ ती ठरवणार. तिच्या वडिलांकडून, भाऊकाकांकडून, ती पाण्याचा हिशेब शिकली होती. दिनदर्शिकेत तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, की पाण्याची वेळ निघते. मलाही तिने शिकवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "तू आहेस ना, मग मी कशाला डोकं शिणवू?" दर जानेवारीत तिचा निरोप यायचा. अमुक वार, अमुक तिथी, इतक्या वाजता पाणी खाली, येतेस?

दहा वर्षांत मी चार वेळा गेले. हा आकडा मी आता काढला आहे, तेव्हा कधी मोजायची गरज वाटली नव्हती. पहिली तीन वर्षं गेले. मग नोकरी, मग दुसरी नोकरी, मग एक प्रेमप्रकरण ज्यात शनिवार-रविवार त्याच्या मर्जीवर असायचे... पंचविसाव्या वर्षी ते मोडलं तेव्हा मात्र धावत वैजूकडेच गेले. त्या सकाळी आम्ही खडकावर बसलो होतो. समोर खांदेरी-उंदेरी, डाव्या हाताला थळच्या कारखान्याचा पांढरा धूर. मी रडून झाल्यावर मोठी यादी काढली. तिशीच्या आत घर, तिशीच्या आत लग्न, तिशीच्या आत परदेश. तिशी म्हणजे जणू शेवटची लाँच, चुकली की रात्र धक्क्यावरच काढायची. वैजूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीस झाल्यावर तू डोकं खाणारी बाई होणार. आत्ताही आहेसच म्हणा."

"आणि तू?"

"मी तुझं ऐकून घेणारी. ती मी आत्ताही आहेच."

मग तिने खिरीचा डबा उघडला. आम्ही खीर नेहमी फणसाच्या पानाने खायचो. पान दुमडून, त्याला काडी टोचून चमचा करायचा, ही तिची खासियत. त्या दिवशी मी ते पान हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "धुतलंयस ना?" वैजू माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली की खडकावरून पडायची वेळ आली. "मुंबईकरीण झालीस गो! थांब, उद्या अलिबागच्या बाजारातून चमचेच आणते तुझ्यासाठी." मलाही हसू आलं. त्यानंतर मात्र मी पुन्हा खडकावर गेले नाही. ठरवून नव्हे. ठरवून टाळलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं.

आता यंदाच्या जानेवारीबद्दल लिहायला हवं. ते टाळण्यासाठीच एवढी प्रस्तावना केली, हे माझं मला कळतंय.

माझ्या तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, तिने मला दोन निरोप पाठवले. पहिल्यात एक कागद होता, शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीतला तिच्या रक्ताचा अहवाल. खाली लिहिलं होतं, "तुझ्याकडच्या कुणा डॉक्टरला सवडीने दाखव गं. हल्ली चार पायऱ्या चढले तरी दम लागतो." दुसरा निरोप नेहमीचा. "रविवारी तृतीया. सव्वाआठला पाणी पार खाली. यंदा तरी ये. तीस एकदाच होतात." मी त्या वेळी हॉटेलच्या खोल्या कोण कुणाबरोबर वाटून घेणार यावरून ऑफिसातल्या मैत्रिणींशी हुज्जत घालत होते. तिशीची मला धास्तीच बसली होती. विशी संपते आहे तर ती थाटात संपायला हवी, थंड हवेच्या ठिकाणी, केक, फुगे, फोटो, सगळं साग्रसंगीत. पहिल्या निरोपावर मी अंगठा टाकला. कागद उघडला नाही. दुसऱ्यावर लिहिलं, "अगं, ऑफिसात ऑडिट लागलंय, सुट्टीच नाही." आणि शनिवारी डोंगरावर पोचल्या पोचल्या लाल स्वेटरातले सोळा फोटो सगळ्या जगाला दाखवले. ती जगातच राहते, हे डोक्यातही आलं नाही. सोळाच्या सोळा फोटोंवर तिने बदाम टाकले होते.

रविवारी सकाळी तिचाही एक फोटो आला. खडक, मागे समुद्र, पुढे डबा. "तुझ्या वाटणीची मीच खाल्ली." मी नाश्त्याच्या टेबलावर तो बघितला आणि हसरा चेहरा पाठवला.

हॉस्पिटलात मी काय काम करते ते सांगायचं राहिलं. मी चौकशीच्या खिडकीत बसते. येणाऱ्या माणसाचे कागद बघायचे आणि त्याला कुठल्या डॉक्टरकडे, किती घाईने पाठवायचं ते ठरवायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. रोज शेकडो परक्यांचे कागद मी डोळ्यांत तेल घालून बघते. वैजूचा कागद माझ्या फोनमध्ये तेरा दिवस न उघडता पडून होता. सोमवारी ती वर्गात फळ्यासमोर कोसळली, अलिबागला नेली, तिथून मुंबईला न्यायला सांगितलं, आणि भाऊकाकांचा मला फोन आला. "बाळ, तू हॉस्पिटलातली आहेस ना... वैजू म्हणाली, तुझ्याकडे कागद आहे." तेव्हा मी तो उघडला. समजायला डॉक्टर असायची गरज नव्हती. एकही आकडा असावा तिथे नव्हता. मी धावाधाव केली, तासाभरात खाट मिळवली, रक्ताच्या डॉक्टरांना गाठलं. तासाभरात! म्हणजे इतकं सोपं होतं ते. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, तेरा दिवस आधी आली असती तर? ते माझ्या रोजच्या ओळखीचे, त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सांगता येत नाही." नाही म्हणाले असते तर मी सुटले असते. हो म्हणाले असते तर निदान एकदाची कायमची दोषी ठरले असते. त्या तीन शब्दांचं काय करायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

शेवटच्या भेटीत मला तिची माफी मागायची होती. ऑडिटबद्दल, कागदाबद्दल. स्वेटरची किंमत सांगून झाल्यावर मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "बरी झाले की जाऊ. येत्या पौर्णिमेनंतर द्वितीयेला. पाणी खूप लांब जाईल. वेळ मागाहून सांगते." मी म्हटलं, "नक्की." माफी राहिली. त्या वेळी वाटलं, खडकावरच मागू.

पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला मी गेले. वैजूचे दिवस होऊन गेले होते. वेळ सांगणारी नव्हती, म्हणून पहिल्यांदाच मी स्वतः हिशेब केला. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता. सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरले, रिक्षा करून किहीमला पोचले आणि बरोबर दीडच्या ठोक्याला किनाऱ्यावर उभी राहिले. समोर पाणीच पाणी. लाटा सुरूच्या झाडांपर्यंत आलेल्या, खडकाचा मागमूस नाही. मला वाटलं जागा चुकली. इकडे गेले, तिकडे गेले. थळची एक कोळीण रिकामी पाटी घेऊन वाळूवरून घराकडे निघाली होती. तिला विचारलं, तशी ती थांबली. "आता पानी भरलंय बाय. खडक न्हाय दिसाचा. सकाली याला पायजे व्हतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "वैजूबाईंची मैत्रीन काय तू? माझी पोरगी त्यांच्या वर्गात हाय. बाई सांगाच्या, माझी मैत्रीन यायची हाय मुंबैवरना. दर साली सांगाच्या." एवढं बोलून ती गेली. तिने माझ्या तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

भाऊकाका पडवीत बसून सुपारी सोलत होते. पंधरा दिवसांत खूप वाळलेले दिसले. मी हिशेब सांगितला तसे ते मान हलवून म्हणाले, "अगो, पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ओहोटीला त्यात सहा तास मागे जायचं. साडेसातला होती आज." पुढची सुपारी हातात घेतली. मग सुपारीकडेच बघत म्हणाले, "या खेपेला नको जाऊ म्हटलं होतं तिला. येताना दोनदा वाळूत बसली. हातावरचे डाग आम्हाला कधी दिसले नाहीत, लांब बाह्यांचंच घालायची. तुला दाखवणार होती, असं म्हणाली नंतर."

म्हणजे मी खडकावर गेले असते, तर तिने बाही वर केली असती. कागद उघडायचीसुद्धा गरज पडली नसती. खीर खाता खाता मला सगळं दिसलं असतं, आणि त्याच दुपारी मी तिला हाताला धरून लाँचमध्ये घातलं असतं... काकांना मी तिथेच सगळं सांगून टाकलं. अंगठा, ऑडिट, डोंगर. ते सुपारी सोलत राहिले. रागावले असतील तर त्यांचा तो हक्क आहे. सुपारी संपल्यावर आत बघून हाक मारली, "हिला चहा टाक गो." आतून काकू म्हणाल्या, "टाकलाय."

निघताना काकूंनी फळीवरून डबा काढून माझ्या हातात दिला. बुटका, स्टीलचा, झाकणावर वैजूचं नाव कोरलेला, लहानपणचाच. म्हणाल्या, "घेऊन जा. आमच्याकडे आता कोण नेणार खडकावर." लाँचमध्ये बसल्यावर मी तो उघडला. आत फणसाचं पान नव्हतं. दोन चमचे होते, अलिबागच्या बाजारातले, पाच वर्षांपूर्वी आणलेले. एक वापरून वापरून निस्तेज झालेला, टोकाशी किंचित वाकलेला. दुसरा लख्ख. त्याच्या दांड्यावर दुकानाचं चिकटवलेलं लेबल अजून तसंच होतं, फक्त एक कोपरा सुटलेला, जणू दरवर्षी कुणीतरी तिथपर्यंत नख नेऊन थांबलं असावं.

तो डबा आता माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर असतो. ते लेबल मी काढलेलं नाही. तो चमचा तिने माझ्यासाठी आणला होता, आणि मी तो अजून एकदाही वापरलेला नाही.