तात्याला बसवलं तो रविवार

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या फिलिपदादांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ऐकून कदाचित हसाल. एका खेळातला एक आकडा मी खोटा वाचून दाखवला — एवढंच. एवढंच, अशी मीही स्वतःची पुष्कळ समजूत घालून पाहिली.

फिलिपदादा वसईचे. मी नागपूरचा इंजिनियर. कॅनडात आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती वॉनमधल्या एका गोदामात, खोकी उचलायची. तिथे ते सुपरवायझर होते. माझ्या पायातले बूट बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरून आपले जुने स्नोबूट आणले आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पाय गेले तर डिग्री कुठे ठेवशील?" पुढे मला माझ्या लायनीतलं काम मिळालं, व्हिटबीला घर झालं, ते रिटायर झाले. पण आमचं बोलणं सुटलं नाही.

बेसबॉलचं वेडही त्यांनीच लावलं. आम्हा आठ मराठी माणसांची फँटसी लीग आहे. खऱ्या टीममधले खेळाडू निवडून आपापली टीम बनवायची, रोज कुणाला खेळवायचं नि कुणाला बसवायचं ते ठरवायचं, आणि खऱ्या मॅचमध्ये त्यांनी जे दिवे लावले त्याचे गुण आपल्या खात्यात; बसवलेल्यानं तिथे कितीही मारलं तरी आपल्याला शून्य. खेळाडूंची नावं तोंडात बसेनात, म्हणून आम्ही त्यांचं बारसं केलं. पोट सुटलेला, पळायचा कंटाळा करणारा, पण चेंडू बॅटवर आला की थेट स्टॅन्डमध्ये पाठवणारा तो तात्या. चेंडू टाकताना एक पाय वर घेऊन क्षणभर तसाच उभा राहणारा उंच पिचर तो बगळा. तात्या दरवर्षी फिलिपदादांचाच. दुसऱ्या कुणी त्याच्याकडे बघायचंही नाही, असा अलिखित नियम होता.

आमची डोकी क्रिकेटवर पोसलेली. अमका बॅट्समन तमक्या बोलरचा बकरा, हे लहानपणापासून पाठ. तीच सवय आम्ही इकडे आणली. आज समोर पिचर कोण, त्याच्याविरुद्ध आपल्या माणसानं आजवर काय केलं, तो आकडा बघायचा आणि निर्णय घ्यायचा. लीगमधली तरुण मंडळी यावर हसतात. दहा-बारा वेळा समोरासमोर आल्यावरून काय कळतं, म्हणतात. सॉफ्टवेअर तपासण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे त्यांचं बरोबर आहे हे मलाही कळतं. तरी मी आकडे बघायचो. कारण ते बघायला फिलिपदादा रोज सकाळी फोन करायचे.

त्यांची नजर गेली आहे. पूर्ण नाही — कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. फोनवरची अक्षरं लागत नाहीत, आणि फोनमधून वाचून दाखवणारी बाई फार घाईत असते म्हणतात. म्हणून त्यांच्या टीमचा पासवर्डही माझ्याकडेच. मी आकडा वाचायचा, ते ठरवणार, मी बटण दाबायचं. दिवसातलं माझं मराठी बोलणं बहुतेक तेवढंच. बायकोला, उज्ज्वलाला, मॉन्ट्रियलला चांगली नोकरी लागली, मुलगी तिथेच शिकायला गेली, दोघी आता आपसात फ्रेंचमध्ये थट्टा करतात. भांडण नाही, काही नाही. फक्त त्या आधी दर वीकेंडला यायच्या, मग लाँग वीकेंडला, मग "बघू" म्हणायला लागल्या. मी बेसमेंटमध्ये बसून काम करतो आणि वर कोणी चालल्याचा आवाज येत नाही. घर एवढं गप्प असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आता लीगची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी अडलं. जिंकणाऱ्याला बक्षीस वगैरे नाही. सीझन संपला की सगळे सहकुटुंब जिंकणाऱ्याच्या घरी जेवायला जातात. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. चपलांचा ढीग, पोरांचा दंगा, वॉशरूमसमोर रांग. मी कधीच जिंकलो नव्हतो. त्या वर्षी फायनलला पोचलो, आणि रविवारी, शेवटच्या दिवशी, थोडा पुढे होतो. समोर फिलिपदादा.

मला वाटलं, आज ते फोन करणार नाहीत. केला.

"आज तू समोर आहेस रे," ते हसत म्हणाले, "पण दुसऱ्या कोणाला विचारू? बोल, तात्याला कोण आहे?"

बगळा होता. स्क्रीन उघडी होती. तात्या बगळ्यासमोर अकरा वेळा उभा राहिला होता आणि त्यातल्या सात वेळा त्यानं त्याला धुतला होता. बगळाच तात्याचा बकरा होता! मी ते वाचलं — मनात वाचलं. आणि तोंडानं काय म्हणालो?

"अकरा वेळा. एकदाही नाही."

"एकदाही नाय?"

"स्क्रीन समोरच आहे, दादा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मनाला पटत नाय. पण तू सांगतोस म्हणजे झालं. बेंच कर त्याला." आणि मी केलं. त्यांच्या टीममध्ये, त्यांच्या पासवर्डनं, माझ्या बोटानं.

मी ठरवून केलं का? फोन उचलताना डोक्यात तसं काही नव्हतं, हे खरं आहे. पण स्क्रीनवरचे सात बघताना मला माझं जेवणाचं टेबल दिसलं, भोवती माणसं बसलेलं — हेही खरं आहे. मी ते टेबल निवडलं.

दुपारी मॅच लावून एकटाच बसलो. मी काय मागत होतो माहीत आहे? तात्या आउट व्हावा. तो आउट झाला असता तर माझ्या खोट्यानं कुणाचंच नुकसान झालं नसतं. तात्यानं बगळ्याला दोन होम रन मारले. दुसरा मारून तो रमतगमत, पोट सांभाळत फेरी मारत होता आणि मला टीव्हीकडे बघवत नव्हतं. मी जिंकलो. तात्या खेळला असता तर हरलो असतो, तेही सणसणीत.

जेवायला सगळे आले. फिलिपदादांचा मुलगा त्यांना घेऊन आला. दादांच्या मांडीवर मैद्याच्या फुग्यांचा डबा होता, त्यांच्याकडे सणाला तळतात तसे, अजून गरम. उज्ज्वला आली नाही. चपलांचा ढीग मात्र पडला — मी मुद्दाम जाऊन पाहिला. आणि जेवण अर्ध्यावर असताना कुणीतरी विचारलंच, "दादा, फायनलला तात्याला बेंच? असं कसं केलंत?"

ते भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. "ह्या माणसाचं एक सांगतो," माझ्या दिशेनं हात करत म्हणाले. त्यांचा हात जरासा चुकला, ते शेजारच्याकडे बघत होते. "फायनलला माझ्या अगेन्स्ट होता. तरी मी विचारलं तेव्हा आकडा सरळ सांगितला. अकरामध्ये झीरो. तात्यानं मारलं ते त्याचं नशीब. पण असा माणूस आजकाल मिळत नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोलीतल्या प्रत्येकाच्या खिशात फोन होता. कुणीही बघू शकलं असतं. एकानं फोन बाहेर काढलाही — माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच थांबला — आणि दुसरा म्हणाला, "सोड यार, त्या आकड्यांना काही मीनिंग नसतं." फोन परत खिशात गेला. मी काय केलं? मी फिलिपदादांना आणखी भात वाढला.

तेव्हा सांगता आलं असतं. सगळ्यांसमोर नाही, निदान गाडीपर्यंत सोडताना. त्यांनी माझा दंड धरला होता आणि पायरी चुकू नये म्हणून पूर्ण भार माझ्यावर टाकला होता. मी म्हणालो, "सांभाळून, बर्फ आहे." ऑक्टोबर होता. बर्फ नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून तेही खोटंच बोललो.

यंदा वसंतात टीमा निवडताना त्यांची पाळी आली. सगळे तात्याचं नाव ऐकायच्या तयारीत होते. त्यांनी दुसरंच नाव घेतलं. नंतर मला म्हणाले, "मला वाटायचं, मी त्याला ओळखतो. नाय रे. इतकी वर्षं त्याला बघतोय, त्या दिवशी तो मारणार असं आतून वाटत होतं, तरी बसवला. आता माझ्या वाटण्यावर नाय जायचं. तू वाचशील ते करायचं." डोळे गेले होते, तरी तात्याबद्दलचं ते आतलं वाटणं त्यांच्यापाशी शाबूत होतं. ते मी काढून घेतलं. आणि ते वाटणं अगदी बरोबर होतं, हे ठाऊक असलेला जगात मी एकटाच.

माणसं हवी होती तर नुसतं "या" म्हटलं असतं तरी आली असती. हे मला चपलांचा ढीग बघतानाच कळलं होतं.

तात्याला शेवटी कुणीतरी उरलेला म्हणून घेतलं. फिलिपदादा त्याची चौकशीही करत नाहीत. पण सकाळचा फोन चुकत नाही. आज आला. त्यांच्या एका माणसासमोर आज पुन्हा बगळा आहे. मी आकडा वाचला. खरा वाचला, दोनदा तपासून. पलीकडून लगेच उत्तर आलं, "तू सांगतोस म्हणजे झालं." त्या रविवारीही शब्द हेच होते, आवाजही असाच. पण तेव्हा ते आधी थोडा वेळ गप्प राहिले होते.