साहेबांचा पहिला घास

बर्ड फ्लूच्या बातम्या येत होत्या तेव्हा हडपसरला गाडीतळाजवळच्या भुर्जीच्या गाडीवर आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज संध्याकाळी एका गृहस्थांची वाट बघायचो. त्यांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या घशातले नमुने तपासतात, एवढंच भुर्जीवाला सांगायचा. ते खिशातल्या साबणाच्या वडीने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि डोळे मिटून पहिला घास घ्यायचे. त्यांनी तो गिळला की आम्ही ऑर्डर द्यायचो. पुण्याचे नमुने निर्दोष असल्याचं पेपरात रोज येत होतं. पण छापलेल्यावर विश्वास ठेवायला आम्ही काय अडाणी होतो?

एके दिवशी ते आले आणि शेजारच्या टपरीवर नुसता चहा पिऊन गेले. झालं! आम्ही उपाशीच काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर ईमेल फिरला आणि कँटीनमधलं ऑम्लेटसुद्धा बंद झालं. संध्याकाळी गाडीवर चिटपाखरू नव्हतं. भुर्जीवाला रडवेला होऊन बसला होता आणि साहेब एकटेच खात होते.

मी विचारलं, "काल आपण खाल्लं नाहीत?"

"अहो, काल संकष्टी होती." माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत ते म्हणाले, "आम्ही दिवसभर कोंबड्यांचे घसे तपासतो, ते फुकट. तुमचा भरवसा माझ्या घशावर!"

पुढच्या संकष्टीला गाडीवर खडूने लिहिलेली पाटी होती: 'आज साहेबांचा उपास आहे. कोंबड्यांचा संबंध नाही.'

ती आम्ही नीट वाचली आणि चहा मागवला.