भागीरथीबायचं दावं

करावे गावात कुणाच्या घरी पिल्लं जास्त झाली, कुणाचं मांजर आंधळं निघालं, की लोक सरळ म्हणायचे, भागीरथीबायच्या गोठ्यात नेऊन टाक. टाकणाऱ्याचं काम तिथे संपायचं आणि भागीरथीचं सुरू व्हायचं.

गोठा एके काळी बैलांचा होता. नव्या शहरासाठी खाडीकाठची भातशेती गेली, नांगर माळ्यावर गेला आणि तिच्या नवऱ्याने, गंगारामने, बैलजोडी पनवेलकडच्या एका शेतकऱ्याला विकून टाकली. बैल गेले, दावी मात्र घरीच राहिली. तशी रीतच होती. जनावर विकलं तरी त्याचं दावं सोबत द्यायचं नाही. घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. भागीरथीने ती काथ्याची दावी स्वतःच्या हाताने सोडून घेतली, धुतली आणि खुंटीला अडकवली.

मग भरावाची माती वाहणारे डंपर गावावरून धावू लागले, आणि रस्त्याच्या कडेला मोडलेली कुत्री दिसू लागली. त्यातलं एक तिने पाटीत घालून घरी आणलं. हळद आणि खोबरेल लावल्यावर, पेज पाजल्यावर ते कसंबसं उभं राहिलं आणि सानपाड्याच्या एका रखवालदाराने राखणीला नेलं. त्याच्यामागून दुसरं आलं, मग तिसरं. कुत्र्यांनाही तिने बैलांचाच कायदा लावला. न्यायला येणाऱ्याने दोरी आणायची. रखवालदार हसायचे, पण सुतळी नाहीतर जुन्या लुंगीची चिंधी घेऊन यायचे.

गंगाराम ओटीवर बसून जाळं विणताविणता टोमणा मारायचा, "तू दावी राखतंस, म्हनून जनावरा येतान. देऊन टाक एकदाची, म्हंजे सुटशील."

लोकांना वाटायचं, बाईला जनावरांची भारी हौस. हौस कसली? सकाळी उठून कण्या शिजवायच्या, बाजारात बसणाऱ्या बायकांकडून माशांची मुंडकी मागून आणायची, जखमांतले किडे काढायचे, गोठा धुवायचा. जेवताना हाताला फिनेलचा वास यायचा. भाचीच्या लग्नाला ती गेली नाही, कारण त्याच दिवशी एक कुत्री अडली होती. बहिणीने त्यावरून बोलणं टाकलं. कुणी आणून टाकलेला जीव डोळ्यांदेखत मरू द्यायचा कसा, एवढाच प्रश्न होता, आणि तो रोज सकाळी नव्याने पुढ्यात यायचा.

पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यात ती ओल्या गोठ्यात घसरली. मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. हंडा उचलेना. तुर्भ्याच्या कारखान्यात जाणारा मुलगा, भगवान, केव्हापासून म्हणत होता की गोठा पाडून तिथे भाड्याच्या खोल्या काढू. या वेळी तिने वाद घातला नाही. म्हणाली, "पाड. माज्याच्यानं होत नाय आता." बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती जांभई.

दिवाळीनंतर गोठा पाडायचा ठरला. अंगणात विटा येऊन पडल्या. नवीन जनावर घ्यायचं नाही आणि असलेली मार्गी लावायची, असं करत एकेक गेलं. उरली फक्त तांबडी.

तांबडी एका बंद पडलेल्या बांधकामावर बांधलेली सापडली होती. माणसं निघून गेली, कुत्री तशीच राहिली. वर कुणीतरी तिच्या पाठीवर उकळतं काहीतरी ओतलेलं. जखम भरली, पण तिथे केस आले नाहीत. आली तेव्हा दुसरी दोरी हाताशी नव्हती, म्हणून भागीरथीने तिला बैलाच्या दाव्याला बांधलं होतं. पुढे बांधायची गरज उरली नाही, तरी तांबडी त्या दाव्याच्या वेटोळ्यावरच तोंड ठेवून झोपायची. अशा कुत्रीला राखणीसाठी कोण नेणार? पाहुणा आला तरी ती कोपऱ्यात शिरायची. भगवानने स्पष्ट सांगितलं होतं, गवंडी आले की तिला मिठागराकडे सोडून येईन. तो दुष्ट नव्हता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, घरात दोनच खोल्या होत्या.

अशात नंदिनी आली. नेरूळच्या नव्या इमारतीत राहणारी. अर्धी इमारत अजून रिकामी होती. नवरा, श्यामसुंदर, सकाळच्या बसने मुंबईला गेला की दिवसभर जिन्यात पाऊल वाजायचं नाही. तिला सोबत हवी होती. तांबडीची पाठ पाहून तिने तोंड फिरवलं नाही. जमिनीवर बसली आणि बराच वेळ काहीच केलं नाही. तांबडी कोपऱ्यातून थोडी पुढे आली.

भागीरथीने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. नंदिनीने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली होती, ती गळ्यात बांधली आणि दोघी गेल्या.

तिसऱ्या दिवशी तांबडी गोठ्यात हजर. गळ्यात चावून तोडलेल्या नायलॉनचा तुकडा. मागोमाग नंदिनी आली, डोळे सुजलेले. सांगू लागली, अन्नाला तोंड लावलं नाही, नुसती दाराशी बसून होती, झोपलीच नाही. बोलता बोलता तिचं लक्ष तांबडीकडे गेलं. ती दाव्यावर तोंड ठेवून गाढ झोपली होती.

"मावशी, ही दोरी द्याल का मला? हिच्यासोबत?"

भागीरथीचा चेहरा आक्रसला. कुणी देवघरातला टाक मागावा, तसं झालं तिला.

"दावं कुनी देत नाय, बाय. तुमी बाजारातून पट्टा आना."

नंदिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी चामड्याचा पट्टा घेऊन आली. पुन्हा तांबडी गेली. आणि पुन्हा परतली. या वेळी मोठा रस्ता ओलांडताना कशाला तरी धडकून, पुढचा पंजा फाटलेला. ती तीन पायांवर अंगणात आली, विटांच्या ढिगाला वळसा घालून आत गेली आणि दाव्यावर पडली.

भागीरथी पाण्याचं भांडं घेऊन तिच्याजवळ बसली. वाकड्या मनगटाने पंजा धुताना तिला कळा येत होत्या. परवा गवंडी यायचे होते. खुंटीवर इतक्या वर्षांच्या सुतळ्या, चिंध्या लोंबत होत्या. न्यायला आलेल्याने नवी दोरी आणली की जुनी तिच्याकडे राहायची. ती स्वतःशीच म्हणाली, बरकत राखायची ती कुणासाठी? बैल परत येणार नाहीत. शेत परत येणार नाही. आणि खरं सांगायचं तर गोठा पुन्हा भरलेला तिला आता नकोच होता.

तरी हात पुढे होईना. दावं गंगारामने वळलेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तिने ओटीकडे पाहिलं. तो जाळं बाजूला ठेवून तिच्याकडेच बघत होता. नेहमीची थट्टा चेहऱ्यावर नव्हती.

"देऊ?" तिने विचारलं.

"तुजा गोठा हाय," तो म्हणाला. "मला काय विचारतंस?"

संध्याकाळी नंदिनी धापा टाकत आली. भागीरथीने दावं गुंडाळून, त्याला हळदकुंकू लावून तिच्या हातात ठेवलं. नंदिनी आभार मानायला लागली, तशी तिने थांबवलं. "याला धुऊ नको. झोपते तिथं टाक. आनि दार उघडंच ठेव. लावू नको."

"पळाली तर?"

"तर पळाली. मंग मी तरी काय करनार?"

गोठा पडला. पत्रे, वासे, खुंट्या सगळं एका सकाळी उतरलं. भागीरथी दिवसभर दाराकडे डोळे लावून होती. तांबडी आली तर तिला टेकायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. चौथ्या दिवशी भागीरथीला राहवेना. वाईट काही झालं असेल तर तेही कळायला हवं. नेरूळच्या त्या इमारतीचे जिने ती कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर टेकत चढली.

दार उघडं होतं. तांबडी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पडली होती, पंजाला पट्टी. दाव्याचं वेटोळं मात्र पलंगाखाली एकटंच होतं. भागीरथीला पाहून ती उठली, लंगडत आली, तिचे हात, पदर हुंगला, शेपटी हलवली. भागीरथी खाली बसली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडं वाजलं, आणि तांबडी वळून नंदिनीच्या पायांशी जाऊन बसली.

नंदिनी चहा टाकते म्हणाली. मग थोडी घुटमळत तिने विचारलं, "मावशी, दावं आता लागत नाही तिला. परत नेता का?"

भागीरथीने पलंगाखाली बघितलं. "नको," ती म्हणाली. "चहात साखर जास्त घाल. लय चढून आलेय."