मनोरीची होडी आणि शिडाच्या कापडाची झोळी

मनोरीला मुलांची वजनं घ्यायला कोण जाणार, असं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारलं, तेव्हा होडीचं नाव निघताच सगळ्या सेविका आपापल्या वह्यांत डोकं घालून बसल्या. मी हात वर केला आणि बोरिवलीला घरी पोचेपर्यंत पस्तावले. मला पोहता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते: मालाडहून मार्व्याची बस घ्या, पुढे होडी. सुटे पैसे ठेवा आणि भरतीची वेळ विचारूनच निघा. आम्ही ओहोटीला पोचलो, त्यामुळे शेवटची पावलं चपला हातात घेऊन चिखलातून टाकली. माझ्या खांद्यावर वजनकाटा, शांताताईंच्या पिशवीत मुलांची कार्डं. शांताताई केंद्रातल्या जुन्या सेविका. "काटा बुडाला तर तूही बुड गं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

वाटेत दोन्ही बाजूंना बोंबील वाळत होते. वास पहिली पाच मिनिटं जाणवतो, मग भूकच लागते. देवळामागच्या मंडपात वाशाला काटा टांगला, तर मूल बसवायची आमची झोळी फाटलेली! यमुनाबाई नावाच्या मासळीवालीने घरातून जुन्या शिडाच्या जाड कापडाची झोळी आणून दिली. "वादळात टिकलेला कापड हाय, पोरांना काय होतंय!"

एकोणीस मुलं तोलली. शेवटची यमुनाबाईंची दोन वर्षांची जना. तिचे हात काडीसारखे, पण तक्त्यावरच्या धोक्याच्या रेघेच्या जरा वर आली. मला इतका आनंद झाला की सुकडीच्या पौष्टिक पिठाची पाकिटं वाटताना मी गुणगुणत होते. जेवायला यमुनाबाईंकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. एवढ्यासाठीसुद्धा मनोरीला जावं.

परतीच्या होडीत, पाण्याकडे बघायला नको म्हणून, कार्डं उघडली. लहानपणी आजारपणामुळे मी चौथीपर्यंत घरीच शिकले. आत्या शिकवायची आणि प्रत्येक गणिताचा पडताळा मागायची. ती सवय गेलेली नाही. मागच्या महिन्याची वजनं शेजारी धरली आणि पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिली. सगळी मुलं वाढली होती, आणि जवळजवळ सगळी एकसारखी, अर्ध्या किलोने.

"ताई, झोळी! नवी झोळी अडकवल्यावर मी काटा शून्यावर आणलाच नाही."

"पुढच्या महिन्यात बघू गं. अर्ध्या किलोने काय होतंय?"

"जना रेघेखाली जाते, ताई."

मार्व्याला होडी लागली, तरी शांताताई उतरल्याच नाहीत. "बस खाली. परत जाऊ. आता मी ओलीच आहे."

यमुनाबाई ओट्यावर जाळं विणत होत्या. मी चूक सांगितली तर त्या खो खो हसल्या. "अगो, मासळी तोलताना आमी पाटी आधी तोलतो, मग वजा करतो. तू शिकलेली ना?"

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"सरकारी काटा हाय. वाटला, झोळीचा भार त्यात आधीच धरला असंल."

रिकामी झोळी तोलली. अर्धा किलो. काटा शून्यावर आणून जनाला पुन्हा बसवलं. या वेळी ती रेघेच्या खाली गेली. सोमवारी तिला मालाडला डॉक्टरांकडे आणायला हवं, आणि आजपासून सुकडी दुप्पट, असं मी सांगितलं.

"सोमवारी माझा बाजार," यमुनाबाई म्हणाल्या. मग लेकीचा दंड दोन बोटांत धरून बघत राहिल्या. "बुडू दे बाजार. सकाळच्या होडीने येतो आमी."

बाकीच्या अठरा जणांच्या आकड्यांतून अर्धा अर्धा किलो वजा केला आणि शेवटच्या होडीने परतलो. घरी आत्या मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "त्या बाईला माहीत होतं, तरी ती बोलली नाही?"

"तिला वाटलं, आम्हाला येतं."

"मग तूच विचारत जा," आत्या म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

सोमवारी मार्व्याला सकाळच्या होडीतून यमुनाबाई खरंच उतरल्या, कडेवर जना. आता मी दर महिन्याला मनोरीला जाते. होडीची भीती अजून वाटते. मंडपात काटा टांगला की आधी रिकामी झोळी अडकवते, काटा शून्यावर आणते आणि बायकांकडे वळून विचारते, "बरोबर?" यमुनाबाई पुढे येऊन, डोळे बारीक करून बघतात.

"गेली पाटी," त्या म्हणतात. "बसव पोरीला."

जना आता झोळीत मावेनाशी झाली आहे.