कॅप्टनचा चंदेरी सूट

अंतराळाच्या त्या सिनेमाच्या चौथ्या भागात कॅप्टन मेला, तेव्हा अख्ख्या गल्लीने लेखकाच्या नावाने बोटं मोडली. लोकांना काय, तिकीट काढलं की सगळं कळतं. माझी मावशी तेवढी गप्प होती. कॅप्टनचा चंदेरी सूट पहिल्या भागापासून तीच शिवायची, आणि तो का मेला हे तिला ठाऊक होतं.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचं आणि त्याला कधी कात्री लावायची नाही, हा तिचा नेम. माणसाचं अंग सुटतं, म्हणायची. कॅप्टनचं काम करणारा नट मात्र दर आठवड्याला वाळत चालला होता. मावशी सूट आत घेत गेली, म्हणून पडद्यावर कुणाला पत्ता लागला नाही.

एकदा ती टाचण्या लावत असताना तो म्हणाला, "मावशी, कॅप्टनला मारा म्हणून मीच हट्ट धरलाय. नाहीतर मी गेल्यावर हा सूट दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढवतील."

त्या दिवशी तो घरी निघून गेल्यावर मावशीने दार लावलं आणि शिवणीतलं सगळं जास्तीचं कापड कापून टाकलं.

पुढे नट वारला. महिना उलटायच्या आत सिनेमा कंपनीचा मॅनेजर एका रुंद खांद्यांच्या माणसाला घेऊन आला. "पुढच्या भागात कॅप्टन जिवंत होतोय. सूट जरा सैल करून द्या."

मावशीने सूट उलटा करून दाखवला. "सैल करायला आत कापडच नाही."

"मग नवा शिवा," मॅनेजर म्हणाला.

तोवर तो माणूस आरशासमोर, नट उभा राहायचा तिथेच, हात पसरून मापाला उभा राहिला होता.